वारलीतली देवी कुठे गेली? – पालघाटची गोष्ट

कामोठ्यातून बोलतेय. कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि जे लोकलच्या गर्दीत आवाज ऐकू येत नाही म्हणून हा ब्लॉग वाचताय, त्यांचंही स्वागत. नेहमीसारखंच, एपिसोडमध्ये जे बोलले तेच इथे थोडं नीट करून लिहिलंय. मधले "म्हणजे"आणि "अं..." काढून टाकलेत, तेवढंच.

मागच्या आठवड्यात एका लिसनरचा व्हॉइस मेसेज आला. प्रश्न छान होता. ती म्हणाली, "ताई, मधुबनीत दुर्गा असते, सीता असते. बंगालच्या कालीघाट चित्रांत काली असते. गुजरातच्या 'माता नी पछेडी'त तर कापडाच्या मधोमध देवीच असते. मग आपल्या वारलीत देवी का नाही? तिथे फक्त नाचणारी माणसं, झाडं आणि बैलगाड्या का?"

थोडक्यात उत्तर: आहे. वारलीत देवी आहे. इतकंच नाही, तर तिच्यासाठीच हे चित्र भिंतीवर काढलं जात होतं. तिचं नाव पालघाट. आपल्याला ती दिसत नाही, कारण चित्र घराच्या भिंतीवरून बाजारात आलं तेव्हा ती मागे राहिली. आजचा एपिसोड त्याच प्रवासाबद्दल आहे.

आधी फोनवर एक प्रयोग

आत्ता सर्च करून बघा. "वारली पेंटिंग" टाका आणि इमेजेस उघडा. काय दिसतं? मधोमध तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती गोल फेर धरून नाचणारी माणसं. ताडाची झाडं, झोपड्या, मोर, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. कपांवर, कुर्त्यांवर, मोबाइलच्या कव्हरवर, उड्डाणपुलाच्या खांबांवर सगळीकडे हेच.

आता नुसतं "पालघाट" टाका. तुम्हाला केरळमधलं पालक्काड शहर मिळेल, कारण इंग्रजांच्या काळात त्याचं नाव तेच होतं. म्हणजे देवी सर्च करायला गेलं, तर आपण थेट केरळात पोचतो! म्हणून "पालघाट देवी चौक" असं टाका. मग एक वेगळंच चित्र समोर येईल. मोठा चौकोन, त्याला एकात एक अशा नक्षीच्या रेघा, आणि मध्ये हात पसरून उभी असलेली एक आकृती. ती पालघाट.

ती राहते कुठे?

वारली लोक मुख्यतः पालघर जिल्ह्यात राहतात. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड हा त्यांचा पट्टा. तिकडे गुजरात आणि दादरा-नगर हवेलीतही त्यांची वस्ती आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून जुन्या पुस्तकांत "ठाण्याचे वारली" असं वाचायला मिळतं. आपल्याला कामोठ्याहून जायचं तर पनवेल, मग वसई, मग डहाणू. फार लांब नाही.

या घरांत पालघाटचं चित्र वर्षभर शोभेसाठी नसतं. ते निघतं लग्नात. लग्नघरातली आतली भिंत आधी शेणामातीने सारवतात, तिच्यावर गेरूचा हात देतात. तांदूळ वाटून त्याचं पांढरं पाणी करतात. बांबूची बारीक काडी घेऊन तिचं टोक चावून मऊ करतात, तोच ब्रश. रंग एकच, पांढरा. आणि चित्र काढतात त्या सवाशिणी, म्हणजे ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायका. गाणी म्हणत म्हणत, दोघी-चौघी मिळून.

या चित्राला म्हणतात चौक. शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडेही पाटाभोवती रांगोळीचा चौक भरतात. पण आपल्याकडे रांगोळी राहिली म्हणून लग्न अडत नाही. वारल्यांच्या परंपरेत चौक नाही तर लग्न नाही. देवी भिंतीवर आल्याशिवाय पुढचे विधी होत नाहीत.

चित्र वाचायचं कसं?

बाहेरून आत या. सगळ्यात बाहेर चौकोनाच्या कडा. एक रेघ नाही, बऱ्याच. कुठे साखळीसारखी नक्षी, कुठे त्रिकोणांची रांग, कुठे नागमोडी रेघ. या कडा काढायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण हे देवीचं कुंपण आहे. आतली जागा वेगळी, बाहेरची वेगळी, हे ठरवणारी सीमा.

कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. आत फणी आणि शिडी दिसेल. फणी कशाला, असं वाटेल. पण देवी बाई आहे, नवरीसारखी सजणारी आहे, मग तिच्याजवळ फणी असणारच.

मध्ये पालघाट. तिला डोळे नाहीत, नाक नाही, दागिने नाहीत, हातात त्रिशूळ नाही, खाली वाघ-सिंह नाही. कॅलेंडरवरच्या देव्या बघून वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती पटकन "देवी" वाटतच नाही. एक धड, पसरलेले हात, बस. ती प्रत्येक घरात थोडी वेगळी असते, कारण समोर छापील नमुना नसतो. काढणाऱ्या बायकांच्या हातात जी आली, ती त्या घरची पालघाट.

ती कशाची देवी? लग्नाची, पोराबाळांची, झाडापाल्याची, वाढण्याची. या लोकांची कणसरी नावाची धान्याची देवी आहे, नारनदेव हा पावसाचा, वाघदेव हा वाघाचा. शेतात पीक येणं आणि घरात मूल येणं या दोन गोष्टी इथे वेगळ्या धरत नाहीत. म्हणूनच भिंतीवर तांदळाने काढलेली देवी. ज्या तांदळावर घर जगतं, त्याचाच रंग.

मुख्य चौकाशेजारी बऱ्याचदा एक छोटा चौक असतो. त्यात पंचशिऱ्या देव, घोड्यावर बसलेला किंवा उभा. काही चित्रांत त्याला डोकंच नसतं, आणि मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात. मला विचाराल तर वारलीतलं हे सगळ्यात जबरदस्त चित्र आहे. डोकं गेलं तरी त्यातून पीक उगवतं. आणि हे कुठल्याही कपावर छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

चौकाच्या बाहेर मग बाकीचं जग येतं. झाडं, पक्षी, नवरा-नवरी, नाचणारी माणसं. म्हणजे आपण ज्याला "वारली पेंटिंग" म्हणतो ना, ते मुळात देवीच्या चौकटीबाहेरचं आहे. लग्नाला जमलेली पाहुणेमंडळी म्हणा हवं तर. आपण पाहुण्यांचे फोटो घरी आणले, आणि ज्यांच्या घरचं लग्न त्यांचाच फोटो राहून गेला.

धवलेरी आणि आपली धवलारीण

या लग्नात आणखी एक बाई महत्त्वाची. धवलेरी. भगत असतोच, पण लग्न लावणारी ही. तिला गाणी पाठ असतात, देवांना बोलावणं तिच्या गाण्यांतून होतं. आपल्याकडे गुरुजी मंत्र म्हणतात, तिथे एक बाई गाऊन लग्न लावते.

आता कामोठ्याच्या, पनवेलच्या, उरणच्या आगरी घरांतले ऐकणारे म्हणतील, "अगं, ही तर आमची धवलारीण!" अगदी बरोबर. सेक्टर आणि टॉवर यायच्या आधी इथे गाव होतं, आणि गावठाण अजून आहे. आगरी-कोळी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण असते. हळदीला डीजे कितीही मोठा लावा, काही घरांत तिच्याशिवाय विधी सुरू होत नाहीत. आगरी वेगळे, वारली वेगळे, दोघांच्या रीती वेगळ्या. पण लग्नात बाईने गायचं आणि त्या गाण्याला विधीचा मान द्यायचा, हे उत्तर कोकणाच्या या पट्ट्यात दोन्हीकडे आहे.

शब्दही जुना आहे. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. तिच्या रचनेचं नावच 'धवळे', आणि विषय कृष्ण-रुक्मिणीचं लग्न. म्हणजे लग्नात बायकांनी धवळे गाणं ही आपल्या भाषेच्या अगदी सुरुवातीपासूनची गोष्ट आहे. घरी आजी धवले म्हणत असेल, तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हे मी सिरियसली सांगतेय.

या लग्नाची किंमत

आता जरा जड भाग. पण तो टाळून पालघाटबद्दल बोलणं म्हणजे अर्धं बोलणं.

चौक लग्नात निघतो, आणि लग्नाला पैसे लागतात. स्वातंत्र्याच्या आधी डहाणू-तलासरी भागात जमीन सावकारांच्या हातात गेली होती. वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचा, आणि फेडता येत नाही म्हणून नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायचे. वर्षं नाही, जन्मभर. अशा माणसाला म्हणायचे लग्नगडी. शब्द ऐका फक्त. लग्न केलं म्हणून गडी झालेला.

१९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने इथे आंदोलन उभं केलं. वेठ बंद करा, लग्नगड्यांना सोडा, या मागण्या होत्या. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्यांत जेठ्या गांगड होते. वेठ आणि लग्नगडीची पद्धत या लढ्याने मोडली. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय. मराठीतलं महत्त्वाचं पुस्तक आहे, लायब्ररीत सहज मिळेल.

मी हे का सांगतेय? तांदळाच्या पाण्याने काढलेल्या त्या देवीसमोर जे जोडपं उभं राहायचं, त्यातल्या कित्येकांसाठी तो दिवस गुलामीचा पहिला दिवस होता. आणि तरीही चौक निघत राहिला. त्याच देवीचे पाहुणे आज आपण उशीच्या अभ्य्रावर बघतो.

आजही त्या भागात काही जोडपी आधी संसार थाटतात आणि पैसे जमले की लग्न लावतात. सामूहिक विवाहात आईबाप बोहल्यावर आणि त्यांची मुलं मांडवात, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यावर हसणारे कमेंट मी बघितलेत. लग्नाच्या कर्जाने काय होतं, हे ज्यांच्या आजोबांनी भोगलंय, त्यांच्यावर हसण्याआधी थोडं थांबावं एवढंच वाटतं.

मग देवी मागे कशी राहिली?

यात दोन ठिकाणांची तुलना करून बघू. एक बिहारमधलं मिथिला, म्हणजे मधुबनीचा भाग. तिथेही लग्नाच्या खोलीत, कोहबरमध्ये, बायका भिंतीवर चित्र काढत. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकरांच्या पुढाकाराने तिथल्या बायकांना कागद दिला गेला, चित्र विकून हातात पैसे यावेत म्हणून. हे काम करायला मुंबईहून गेलेला चित्रकार होता एक मराठी माणूस, भास्कर कुलकर्णी.

तिथे बायकांनी कागद घेतला. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये. भिंतीवर ज्या काढत होत्या, त्याच कागदावर आल्या, आणि त्यांच्याबरोबर देव-देव्याही आल्या.

हेच भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू भागात आले. पण इथे वेगळं घडलं. बायका कागदावर काढायला फारशा पुढे आल्या नाहीत. कारण समजून घ्या. चौक म्हणजे विधी. लग्न नाही, गाणी नाहीत, धवलेरी नाही, मग कागदावर देवी कशी आणायची?

कागद उचलला तो एका पुरुषाने. जिव्या सोमा म्हसे. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे. लहानपणी आई गेली, तेव्हा मुलाने बोलणंच सोडलं आणि मातीत चित्रं काढून तो सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांनी लग्नाशिवाय, रोज, मन मानेल तेव्हा चित्रं काढली. मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळं, शेतं, गोष्टी, तारप्याचा फेर. तो फेर बघितला की खरंच गरगरायला होतं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले.

जिव्या म्हसे नसते तर आपल्याला वारली हा शब्दही माहीत नसता. त्यांचं मोठेपण कमी करायचा प्रश्नच नाही. आणि त्यांनी देवीचा चौकही काढला आहे. पण त्यांच्यामागून बाजार आला, आणि बाजाराने निवड केली. नाचणारी माणसं कुठेही बसतात. कपावर गोल फेर छान दिसतो. चौक बसत नाही. त्याला कडा लागतात, वेळ लागतो, आणि "ही कोण?" असा प्रश्न येतो. मग देवी गळली. आणि तिला शेकडो वर्षं काढणाऱ्या बायकांची नावंही गळली. ज्या कलेचा पहिला ब्रश फक्त बाईच्या हातात होता, तिच्यातलं बाईचं एक नाव आठवून बघा. आठवतं का?

ही "हिंदू" देवी का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच बोलते. जनगणनेच्या कागदावर बहुतेक वारली हिंदू म्हणून नोंदले जातात. डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेला ते मोठ्या संख्येने जातात. त्याच वेळी अनेक आदिवासी तरुण म्हणतात की आमचे देव, आमची पूजा वेगळी, ती आमच्याच नावाने ओळखा. दोन्ही बाजूंची माणसं एकाच पाड्यात, कधी एकाच घरात असतात. पालघाटला पोथी नाही, पुराणात कथा नाही. ती लग्नघराच्या भिंतीवर येते, गाण्यात येते. तिला दुर्गेचं नाहीतर पार्वतीचं रूप ठरवायची घाई आपण बाहेरच्यांनी करू नये, असं मला वाटतं. तिचं नाव तिला आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती सांगायला हवी. चौक फक्त सवाशिणींनी काढायचा. म्हणजे जिने आयुष्यभर काढला, तिचा नवरा गेला की तिची काडी थांबली. परंपरेत बाईला मान आहे आणि बाईवर बंधनही आहे. आपल्या घरच्या हळदीकुंकवातही हे तसंच आहे, त्यामुळे फक्त त्यांच्याकडे बोट दाखवायला नको.

आपण काय करू शकतो?

लेक्चर नाही, चार साध्या गोष्टी.

एक. वारली विकत घेताना काढणाऱ्याचं नाव विचारा. दुकानदाराला माहीत नसेल, तर बहुतेक तो छापा आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. पण ते नावाला संरक्षण देतं. दोन त्रिकोण जोडून माणूस काढायला कुणालाच अडवता येत नाही. म्हणून नाव विचारणं हे काम आपलंच.

दोन. थेट चित्रकाराकडून घ्या. डहाणू-जव्हार भागातले कितीतरी तरुण चित्रकार, मुलीसुद्धा, इन्स्टावर आहेत. फॉलो करणं फुकट आहे.

तीन. सोसायटीची, शाळेची, जिमची भिंत रंगवायची असेल तर फेर काढा, झाडं काढा, मजा करा. देवीचा चौक मात्र सजावट म्हणून काढू नका. कुणाच्या लग्नाचा विधी तो. काढायचाच असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, पैसे द्या, आणि काय काढायचं हे त्यांना ठरवू द्या.

चार. मुंबईतल्या म्युझियममध्ये, हस्तकलेच्या प्रदर्शनात वारली दिसली की चौकट शोधा. एकात एक रेघांचा चौकोन दिसला की थांबा. सूर्य, चंद्र, फणी, शिडी शोधा. मग मधली ती बिनचेहऱ्याची बाई बघा, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिचं नाव सांगा.

तिकडे पाड्यांवर आता सिमेंटची घरं होताहेत, आणि ती व्हायलाच हवीत. गळकं छप्पर कुणाला हवं असतं? ऑइलपेंटच्या भिंतीवर तांदळाचं पाणी धरत नाही, हे खरं. पण चौकाला माती लागते त्यापेक्षा जास्त लागतात त्या गाणाऱ्या आणि काढणाऱ्या बायका. त्या असतील तर देवी कुठल्याही भिंतीवर येईल.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडच्या लग्नात भिंतीवर, दारावर, पाटावर काय काढतात, आणि ते कोण काढतं, हे मला व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. फोटो असेल तर पाठवा, पण घरच्यांना विचारून. त्यातले काही मेसेज पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटूच!